सातवा ठिपका

आकडेवालीचा हात आज संगणकावर जड पडत होता. दवाखान्याची सगळी आकडेवारी तिच्या गळ्यात, आणि आज तिच्याच आलेखावरून फ्रीजवाल्या काकांच्या कमरेची किल्ली जायची वेळ आली होती. वीस वर्षं सांभाळलेली लसींच्या फ्रीजची किल्ली! लसी गरम होतात, असा मोठ्या डॉक्टरांना संशय होता.

फ्रीजमधल्या यंत्राने दर तासाला टिपलेलं महिन्याभराचं तापमान तिने भरलं, ठिपके उमटले. मग लसींना चालणाऱ्या दोन ते आठ अंशांचा हिरवा पट्टा काढायला संगणकाला सांगणारी ओळ लिहिली. पट्ट्याबाहेर, वरच्या अंगाला, सात ठिपके. नुसते डोळ्यांत खुपणारे!

संगणकाशी काकांचा छत्तीसचा आकडा. तरी मागून वाकून बघत ते म्हणाले, "पोरी, सातशे वीस नोंदी ना? मग माझे चांगले दिवस कुठं गेले?"

तिने कपाळावर हात मारला. पट्टा शेवटी काढला की तो ठिपक्यांवरच बसतो. सातशे तेरा ठिपके त्याखाली गडप!

"अगं, आधी चादर अंथरायची, मग माणसं बसवायची," काका हसले.

तिने पट्ट्याची ओळ ठिपक्यांच्या ओळीच्या आधी नेली. हिरव्यावर ठिपक्यांची रांगच रांग आली.

"पण ते सात आहेतच की हो, काका."

काकांनी वही पुढे केली. वीज कधी गेली, लसी बर्फाच्या पेटीत कधी हलवल्या, सगळं मिनिटांसकट. ती वाचत गेली आणि दर वेळेसाठी एक उभी तुटक रेघ ओढत गेली. सहा रेघा सहा ठिपक्यांमधून गेल्या. काय माणूस आहे हा, तिला वाटलं. सातव्या ठिपक्याच्या दिवशी मात्र वीज गेलीच नव्हती.

"ओढू का एक? कोण विचारतंय!"

"खबरदार! त्या दिवशी दार माझ्याकडून उघडं राहिलं. अठ्ठावीस बाटल्या फेकल्या मी. तिथं गोल काढ आणि तसंच लिही."

"किल्ली जाईल, काका."

"जाऊ दे. लस बाळांच्या अंगात जाते."

तिने गोल काढला. लिहिताना डोळे भरून आले.

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी आलेख पाहिला, रेघा वहीशी ताडून पाहिल्या, आणि बोट नेमकं त्या गोलावर ठेवलं. 'दार उघडं राहिलं. अठ्ठावीस बाटल्या फेकल्या.'

"हे लिहायला कुणी सांगितलं?"

"मी," म्हणत काकांनी किल्ली सोडून टेबलावर ठेवली.

डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले, "तीनला लसींची गाडी येतेय. फ्रीज काय मी उघडू? उचला ती किल्ली."