पडद्याआडचा कटर

खडूची कड बोथट झाली होती, म्हणजे आता रेघ जाड येणार, आणि जाड रेघेवरून कात्री कुठून न्यायची, आतल्या बाजूनं की बाहेरच्या, हा प्रश्न उगाच उभा राहणार. त्यानं ब्लेडनं कड तासायला घेतली. निळी भुकटी टेबलावर सांडली, थोडी बोटांच्या रेषांत बसली. एरवी हे काम त्याला आवडायचं. आज तासता तासता खडू चिमटीतच मोडला, आणि त्या दोन तुकड्यांकडे बघत तो नुसताच उभा राहिला... संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं.

हो किंवा नाही. एवढंच तर. पण हे ‘एवढंच तर’ उशाशी घेऊन तो गेले कित्येक दिवस झोपत होता, आणि सकाळी ते त्याच्या आधी जागं झालेलं असायचं.

गाळा मेव्हण्यानं शोधला होता. किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी, अरुंद, खोल, मागच्या भिंतीला ओल. समोर बसथांबा. “लोक रिकामे उभे असतात दाजी, मान इकडे वळली की पाटी दिसणार,” मेव्हणा म्हणाला होता. “तुमच्या हातात कात्री अशी, आणि पाटीवर नाव त्याचं. तुम्ही वाघ आहात हो, पण दुसऱ्याच्या पिंजऱ्यातले.” गाळेवाल्यानं संध्याकाळपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं; त्यानंतर एक चपलांचा दुकानदार टपून होता. साठवलेलं पुरत होतं. वय अजून हातात होतं, पण फार नाही. आज नाही तर मग कधीच नाही, हे मेव्हण्यानं सांगायची गरज नव्हती. आणि हो म्हटलं, आणि जमलं नाही, तर या वयात पुन्हा कुणाच्या दारात जाऊन ‘कटर पाहिजे का’ म्हणून विचारायचं?

बायको काही बोलली नव्हती. फक्त हल्ली रस्त्यानं चालताना ती दुकानांच्या पाट्या वाचायची. मोठ्यानं नाही. ओठ हलायचे.

गाळा बघायला गेला तेव्हा मेव्हणा मोजत होता आरशाला जागा किती, शोकेसला किती. आणि तो—आत शिरल्या शिरल्या त्यानं काय शोधलं होतं? पडदा कुठं लावता येईल ते. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही जरा उशिराच सांगितलं.

कारण त्याचं सगळं आयुष्य पडद्याच्या या बाजूला गेलं होतं. पलीकडे मालक, आरसा, गिऱ्हाईक. अलीकडे तो, टेबल, कात्री. मालक माप घेताना मोठ्यानं पुकारायचे आणि तो इकडे उतरवून घ्यायचा. आकड्यांच्या मध्येमध्ये मालकांची ठेवणीतली भाषा असायची, गिऱ्हाइकाला कळू नये अशी. “मास्टर, पुढे सुबत्ता!” म्हणजे पोट आहे, सैल धर. “साहेब अभ्यासू आहेत” म्हणजे पाठीला बाक. “उजवीकडे जबाबदारी” म्हणजे उजवा खांदा उतरलेला. गिऱ्हाईक खूश होऊन हसायचं. पडद्याआड तो त्या न पाहिलेल्या माणसाचा बाक काढून खडूनं कापडावर मांडायचा, आणि कोट अंगात गेला की बाहेरून आवाज यायचा: वा, काय बसलाय!—हे वा मालकांना मिळायचं. मिळू दे. त्याला वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं.

मालक बोलायचे. अखंड. टेप गळ्यात, आणि तोंडाचा पट्टा सुरू. गुडघा काय म्हणतोय? सासूबाई गेल्या की आहेत अजून? मुलगा परीक्षेला बसला की परीक्षा त्याच्यावर बसली? वर्षानुवर्षं तो हे ऐकत आला होता आणि कात्री चालवता चालवता दातओठ खायचा. हा माणूस जिभेवर दुकान चालवतो, आणि मी हातावर. जीभ थकली तर दुकान चालेल. माझा हात थकला तर बघू. हे वाक्य त्याचं इतकं जुनं होतं की ते त्यानं कधी काळी विचार करून बनवलं होतं हेही तो विसरला होता. मेव्हणा ‘पिंजरा’ म्हणाला तेव्हा हेच वाक्य त्याच्या आत ताठ उभं राहिलं होतं. त्याच्या जोरावरच तर तो गाळा बघायला गेला...

“मास्टर, मी जरा जाऊन येतो.” मालकांनी पडदा सारून डोकं आत घातलं. गाल सुजला होता. “दाढ काढूनच टाकतो म्हणतोय डॉक्टर. कुणी आलं तर घ्या सांभाळून.”

“कुणी आलं तर बसवून ठेवतो,” तो म्हणाला.

“बसवून कशाला? माप घ्या की. तुम्हाला काय शिकवायचं?”

मालक गेले. काज-बटण करणारी मावशी कोपऱ्यात सुई ओवत होती. ती दुकानात त्याच्याही आधीपासून होती आणि तिला सगळं कळायचं, न सांगितलेलं तर आधी कळायचं.

“बरं झालं,” ती सुईकडेच बघत म्हणाली. “रंगीत तालीम होऊन जाऊ दे.”

“कसली तालीम?”

“मला काय माहीत बाबा. मी आपली बटणं लावते.”

त्यानं खडूचे तुकडे उगाच खिशात टाकले. आलंच कुणी तर बरं, असंही त्याला वाटलं. आणि नको, असंही.

आला तो माणूस मध्यम वयाचा होता, हातात स्वतःचं कापड, चांगलं, राखाडी. नव्या जागी रुजू व्हायचं होतं. कोट हवा होता. हे ऐकायला तो स्वतः पडद्याबाहेर आला होता. बाहेर उजेड फार होता. आरशात दोन माणसं उभी होती आणि त्यातला एक आपण आहोत हे कळायला त्याला एक क्षण लागला. गळ्यात टेप अडकवलेला, किंचित वाकलेला... साहेब अभ्यासू आहेत.

“हात खाली सोडा,” तो म्हणाला.

हे त्याचं पहिलं वाक्य होतं आणि शेवटचंही. पुढे जे काय बोलायचं ते त्याला सुचलं नाही. सुचायची गरजही वाटली नाही. टेप काखेखालून गेली, छातीवर आली. माणसाच्या अंगाला साबणाचा वास होता. मानेपाशी एक शीर उडत होती. इतक्या वर्षांत इतक्या लोकांचे कोट बेतले आणि शीर उडताना कधी पाहिली नव्हती. ती पाहून त्याला ओशाळल्यासारखं झालं, कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं, आणि त्यानं हात भराभर चालवले. खांदा. पाठ. बाही. पोट. माणूस समोर बघत उभा होता, तळवे मांड्यांना चिकटवून, हनुवटी थोडी वर. दुकानात सुई कापडातून ओढल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. माप नेमकं आलं. आकडे त्यानं स्वतःच्या हातानं लिहिले आणि मनात म्हणाला, झालं. यात काय आहे? यात काय बोलायचं असतं?

तो पडद्याआड परतला. कापड टेबलावर पसरलं. छातीत काहीतरी हलकं झालं होतं. पाटी दिसली क्षणभर. अक्षरं दिसली नाहीत, पण पाटी दिसली.

बाहेर माणूस बुटाची नाडी बांधायला बाकावर बसला होता. मावशीनं विचारलं, “लांब आहे का हो नवी जागा?” आणि तो सांगायला लागला. लांब नाही, पण जिने आहेत, आधीचा साहेब बरा होता, नवा कसा निघतोय कुणास ठाऊक, बायको म्हणते आता तरी नीट राहा...

पडद्याच्या फटीतून त्यानं पाहिलं.

बाकावर दुसराच माणूस बसला होता. खांदे उतरले होते, डावा जास्त. पाठ गोल झाली होती. आणि पोट—मघाशी नव्हतंच ते; ते आता शर्टाच्या बटणांना ओढत निवांत मांडीवर टेकलं होतं. दोन बटणांच्या मध्ये शर्ट उघडा पडला होता आणि त्यातून बनियन दिसत होता. माणूस बोलत होता, हसतही होता, आणि बोलता बोलता आणखी आणखी सैल होत होता. आपण मोजला तो कोण होता?

आता एकच करायचं होतं. पडदा सारायचा आणि म्हणायचं, साहेब, जरा एकदा उभे राहा. एवढंच तर. वाक्य तयार होतं. जिभेवर आलं. मग त्याच्या मागून दुसरं आलं: तो विचारेल, का? मग काय सांगायचं? तुम्ही श्वास धरला होता म्हणून? आणि परत उभा राहिला की तो परत धरेल. मी समोर गेलो की तो धरणारच. मी काय केलं म्हणजे तो सोडेल हे मला माहीत नाही... माणसानं दुसरी नाडी बांधली, मावशीला ‘येतो’ म्हटलं, पडद्याकडे बघून ‘मास्टर, येतो’ म्हटलं, आणि तो गेला. दारातून बाहेर पडताना त्यानं पोट पुन्हा आत घेतलं.

राखाडी कापड टेबलावर पसरलेलं राहिलं. त्यानं त्यावर रेघ ओढली नाही.

मालक आले ते रुमाल तोंडाला धरून. इंजेक्शननं अर्धा चेहरा बधिर झाला होता. ओठ एका बाजूला लोंबत होता आणि शब्द त्यातून ओघळून जात होते. मावशी पदरात तोंड घालून हसली. मालकांनी तिला डोळे दाखवले, त्यातला एकच धड जमला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, जुनं, शर्टाच्या मापासाठी. मालकांनी त्याला हातानं थांबवलं. गालाकडे बोट दाखवलं, मग बाहेरच्या उजेडाकडे, मग डोक्यावरून गोल फिरवलं: उद्या.

गिऱ्हाईक गेलं. पडद्याआडून त्यानं हे सगळं पाहिलं आणि त्याला कळेना. तो बाहेर आला, मावशीपाशी वाकला.

“परत का पाठवला? हात तर धड आहेत त्यांचे.”

मावशीनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं विचारलं होतं की पाणी ओलं का असतं.

“तोंड बधिर आहे ना त्यांचं,” ती म्हणाली. “माप कसं घेतील?”

आणि दोरा दातानं तोडून, त्याला लागावं अशा इराद्यानं नव्हे, पण लागू नये याचीही काळजी न घेता पुढे म्हणाली, “बोलणाऱ्याचा कोंडा विकतो, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. म्हणतात आपलं. तू कशाला तोंड पाडतोस? तुझे गहू चांगलेच आहेत.”

तो टेबलापाशी जाऊन उभा राहिला. गुडघा काय म्हणतोय. सासूबाई. मुलाची परीक्षा. ते सगळं आता त्याला एकेक आठवायला लागलं आणि प्रत्येकाच्या मागून येणारा आकडाही आठवायला लागला... ‘सासूबाई गेल्या की आहेत अजून’, मग हसणं, मग—“कंबर अडतीस, पुढे सुबत्ता!” हसण्याच्या आणि आकड्याच्या मध्ये नेहमी थोडी जागा असायची. त्या जागेत टेप ओढली जायची. तो इतकी वर्षं ती जागा ऐकत आला होता. आणि त्या जागेला तो बडबड म्हणत आला होता.

दुपारी मेव्हण्याचा फोन आला. “दाजी, काय मग? हारवाल्याला सांगून ठेवू?” तो म्हणाला, “संध्याकाळी ये.” मेव्हणा म्हणाला, “तुम्ही म्हणजे ना! शब्दाला शब्द लावायला पण कापड लागतं तुम्हाला.” आणि स्वतःच्याच विनोदावर हसत त्यानं फोन ठेवला.

घरचे जिने चढताना त्यानं ठरवून टाकलं, नाही म्हणायचं. पुढच्या वळणावर वाटलं, शिकता येईल की. बोलणं काय शिकता येत नाही? तिसऱ्या मजल्यावर वाटलं, न शिकताच निघून गेली इतकी वर्षं, आणि कुणी सांगितलंही नाही.

बायकोनं दार आधीच उघडलं होतं. पाणी दिलं. तो खुर्चीत बसला. ती टेबलापाशी उभी राहिली.

“येतोय तो एवढ्यात. काय सांगायचं ठरलं?”

“तुला काय वाटतं?”

प्रश्न बाहेर पडला आणि दोघंही दचकली.

“मला काय वाटायचंय,” ती घाईनं म्हणाली. “तुम्ही ठरवाल ते.”

ती ताठ उभी होती. तळवे मांड्यांना चिकटलेले. हनुवटी थोडी वर. हे उभं राहणं त्याला ओळखीचं होतं. लग्नापासून तो समजत आला होता की बायको ताठ कण्याची आहे. एकदा त्यानं तिला जाकीट शिवलं होतं, नुसत्या नजरेच्या मापावर, दुकानात कुणालाही न दाखवता. छान बसलंय, ती म्हणाली होती. ते घालून तिनं कधी हात वर केला होता का? माळ्यावरचं काही काढायचं असलं की ती आधी जाकीट उतरवायची. उकडतंय म्हणायची. थंडीत.

मालक कुठून सुरू करायचे?

“गुडघा काय म्हणतोय तुझा?” त्यानं विचारलं.

“माझा? माझा गुडघा कधी दुखत होता?”

“मग काय दुखत होतं?”

“काही नाही,” ती म्हणाली. आणि मग, हळूच, “अहो, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?”

घंटा वाजली. ती दाराकडे गेली. दारातच मेव्हण्यानं काहीतरी म्हटलं आणि ती हसली, “मेल्या, हळू बोल की!” तिनं खांदा चौकटीला टेकवला, एक पाय दुसऱ्यावर तिरका ठेवला, आणि भावाला कसलंसं सांगायला लागली, शेजारणीचं, नळाचं, हात हलवत. तिची पाठ बरीच गोल होती. कधी झाली? डावा खांदा उतरला होता. तो खुर्चीतून बघत होता. बोटं नकळत खुर्चीच्या हातावर अंतरं घेत होती आणि एकही अंतर त्याच्या ओळखीचं नव्हतं.

“हं, बोला दाजी,” मेव्हणा आत येत म्हणाला. “हो की नाही?”

मागून ती आली आणि टेबलापाशी उभी राहिली. ताठ.

त्यानं तोंड उघडलं. गाळा, पाटी, ओल आलेली भिंत, सगळं अजून होतं तिथंच होतं, पण फार लांब, आणि उत्तराची वाट बघणारी ही दोन माणसं फार जवळ. तो त्यांच्याकडे बघत राहिला—पलीकडून कुणीतरी आकडा पुकारेल म्हणून थांबल्यासारखा.