ओट्यासमोरचं तीन पायांचं यंत्र

मनुष्यजातीचे दोनच वर्ग आहेत: कॅमेऱ्याच्या पुढे उभे राहणारे आणि कॅमेऱ्याच्या मागे उभे राहणारे. इतिहास, राजकारण, लग्नसंस्था या सगळ्याचा उलगडा या एका सूत्राने होतो, असं मी बरीच वर्षं मानत होतो. मग लक्षात आलं की कॅमेऱ्याची तिपाई कोणालातरी खांद्यावरून न्यावी लागते, आणि तो माणूस दोन्ही वर्गांत बसत नाही. तो माणूस मी होतो. सूत्र तिथेच बारगळलं.

गोष्ट मद्रासची. भिलाईचा पोलादाचा कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि माझा ऑफिसातला मित्र चंद्रमौळी याला तिथे नोकरी लागली होती. मी साताऱ्याहून बदलून आलेला. तो मैलापूरचा, तंजावरी मराठी. या लोकांची मराठी तंजावरच्या राजांबरोबर दक्षिणेत आली आणि मागे काय काय बदललं याची चौकशी न करता तिथेच सुखाने नांदली. चंद्रमौळीच्या घरी मी पहिल्यांदा जेवलो तेव्हा त्याच्या आईने, अन्नपूर्णाबाईंनी, माझं बोलणं नीट ऐकून घेतलं आणि त्याला म्हणाल्या, "चांगला पोर दिसतो रे. मराठी येत नाही, तेवढंच."

मी त्यांना मावशी म्हणे.

तर चंद्रमौळी भिलाईला निघाला होता, आणि जाताना त्याला आईचा एक फोटो हवा होता. दुसरं काही नको होतं. बिऱ्हाड तिकडे मांडायला वर्ष तरी लागणार, तोवर मावशी इथेच राहणार. एरवी हिशेबी असलेला हा गडी फोटोचं नाव निघालं की डोळे पुसायला लागे.

अडचण मावशींची होती. फोटोने आयुष्य कमी होतं, यावर त्यांचा पक्का विश्वास.

"तुझ्या अप्पांनी काढवला की. काय झालं?"

"अम्मा, त्यानंतर अप्पा वीस-बावीस वर्षं जगले!"

"तेच म्हणते मी. नाहीतर अजून असते की रे बसलेले इथं."



मग चंद्रमौळीने बेत केला. मावशी रोज सकाळी पूजा आटोपून घरापुढच्या ओट्यावर वाती वळत बसत. फोटो काढायचा तो गल्लीचा, आणि गल्लीत मावशी आपोआप यायच्या. छोटा कॅमेरा त्यांनी भाच्याकडे पाहिला होता, तो ओळखला असता. म्हणून त्याने एका ओळखीच्या स्टुडिओतून जुना लाकडी कॅमेरा मागून आणला: भाता, काळं कापड, रबरी फुगा, माणसाच्या उंचीची तिपाई. "एवढा मोठा कॅमेरा असतो हे अम्माच्या मनातसुद्धा येणार नाही," तो म्हणाला. हत्ती लपवायचा तर रस्त्याच्या मधोमध लपवावा, या धर्तीचं हे शास्त्र होतं. शिवाय घरी सदा वेष्टीत, म्हणजे तिकडच्या धोतरात, वावरणाऱ्या चंद्रमौळीने आईने ओळखू नये म्हणून पॅंट चढवली आणि डोक्याला सोला हॅट घातली. स्टुडिओवाल्याने फोटो उमटायची काच मात्र एकच दिली. चुकली तर चुकली.

बसमध्ये पेटी घेऊन चढलो तर कंडक्टर ओरडण्याऐवजी नमस्कार करून मागे सरला. मैलापूरकडे जाणाऱ्या बसमध्ये एवढी मोठी पेटी म्हणजे आत वीणाच असणार. एका गृहस्थांनी उठून पेटीला जागा दिली. मला दिली नाही.

"कुठल्या संगीत सभेत वाजवणार?" त्यांनी विचारलं.

"कॅमेरा आहे," मी म्हणालो.

त्यांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि परत येऊन आपल्या जागेवर बसले. पेटी माझ्या मांडीवर आली.

गल्लीत पोचलो. गल्लीच्या टोकाला चंद्रमौळीने तिपाई रोवली, कॅमेरा चढवला आणि घाईघाईने काळ्या कापडाखाली शिरला. मला त्याने आपल्या घराकडे पिटाळलं होतं, कारण कॅमेऱ्याची नजर बसवायला, म्हणजे फोकस साधायला, समोर काहीतरी उभं हवं. मी छत्री मिटून काठीसारखी सरळ धरली आणि ओट्यापासून चार पावलांवर उभा राहिलो. कापडाखालून त्याचा हात बाहेर आला आणि हवेत हलू लागला. डावीकडे. आणखी डावीकडे. थोडा मागे. थांब.

बेत असा की नजर बसली की तो काच आत घालणार. काच घातली की कॅमेऱ्यातून काही दिसत नाही. मग मावशी येऊन ओट्यावर बसल्या की मी छत्री वर करायची, कापडाच्या कडेखालून छत्री दिसली की त्याने फुगा दाबायचा.

बेतात एकच गोष्ट धरली नव्हती: गल्ली.

मैलापूरच्या गल्ल्यांतले ओटे हा एक चालता-फिरता प्रकार आहे. आजोबा ओटा बांधतात, वडील दुरुस्तीच्या निमित्ताने तो हातभर पुढे आणतात, मुलगा त्याला पायरी जोडतो. प्रत्येक घराने रस्त्याचा थोडा थोडा भाग दत्तक घेतलेला असतो, आणि प्रत्येकाला शेजाऱ्याने किती घेतला ते तोंडपाठ असतं. त्यातून त्या वर्षी कॉर्पोरेशन मोजणी करून रस्ता रुंद करणार अशी आवई होती. अशा गल्लीत सकाळी एक हॅटवाला येतो, तीन पायांचं यंत्र लावतो, त्यातून वाकून बघतो, आणि दुसरा एक जण ओट्यासमोर काठी धरून त्याच्या इशाऱ्यावर डावी-उजवीकडे सरकतो. आता तुम्हीच सांगा, यांना फोटोग्राफर कोण म्हणेल?

पहिल्यांदा उमगलं ते कोपऱ्यावरच्या मुनुस्वामीला. त्याच्या दुकानापुढे नारळाच्या झापांचा पंदल, म्हणजे मांडव, रस्त्यावर आला होता. तो माझ्याकडे बघून गोड हसला, त्याने बांबू सोडले आणि पंदल चटईसारखा गुंडाळून आत नेला. जणू तो रोज याच वेळी गुंडाळतो.

मग समोरचे मानाजीराव पितळी डबऱ्यात कॉफी घेऊन आले. सेवानिवृत्त शिक्षक, आवाज अजून वर्गातला.

"घ्या सर. उन्हात उभे आहात. तुमचं काम किती जोखमीचं!" मग आवाज खाली. "ही माझी पायरी आहे ना, ही मुळातली. तुमच्या नकाशात नसेल तर नकाशा चुकला असं समजा. पण त्या अन्नपूर्णाबाईंच्या ओट्याकडे तेवढं लक्ष द्या. तो दर पावसाळ्यानंतर वाढतो."

"मानाजीराव, आम्ही कॉर्पोरेशनचे नाही," मी म्हणालो.

"मग स्टेट?" त्यांचा हात डबऱ्यावरून उडाला. "अरे देवा. स्टेट!"

ते घरात गेले आणि साखर घेऊन आले.

तोवर हॅटवाल्याची बातमी पसरली होती. कोणी सायकल आत घेत होतं, कोणी दगडी जातं. एका घरातून ओट्यावरचे आजोबाच उचलून आत नेले. गल्ली बघता बघता इतकी रुंद झाली की दुसऱ्या टोकाचं देऊळ दिसायला लागलं. कॉर्पोरेशनला वर्षानुवर्षं जमलं नसतं ते एका काळ्या कापडाने केलं होतं. आणि या सगळ्यात मावशींचा ओटा रिकामा! मला घाम फुटला. कापडाखाली चंद्रमौळी उकडत असणार. त्या बिचाऱ्याला यातलं काही कळत नव्हतं. त्याला फक्त छत्री वर होण्याची वाट बघायची होती.

आणि मावशी आल्या. वाती वळायला नव्हे. हातात उलथनं होतं.

"कोण रे तो माझा ओटा मोजतो?"

मी मान फिरवली, पण उशीर झाला होता.

"रंगा!" मावशी जिना नसताना जिना उतरल्यासारख्या खाली आल्या. "तू? कार्पोरेशनात कधी लागलास?"

"मावशी, मी नाही, हे म्हणजे..."

"माझ्या घरी बसून सांबार वाढून घेतलंस. दोनदा घेतलंस! आणि आता माझ्याच ओट्याला काठी लावतोस? अस्की गल्ली सोडून माझाच ओटा दिसला?"

"मी सरांना तेच सांगत होतो," मानाजीराव मध्ये येऊन उभे राहिले, बरोबर कॅमेऱ्याच्या आड. "कायद्यापुढे सर्व ओटे समान!"

"तुझ्या पायरीवरून काल म्हैस घसरली, ते सांग की यांना!" मावशी म्हणाल्या. मग उलथनं बाजूला टाकून त्यांनी माझ्या हातातली छत्री ओढली. मी सोडली. उलथन्यापेक्षा छत्री बरी.

मावशी उलट पावली गेल्या आणि ओट्याच्या मधोमध मांडी घालून बसल्या. चेहरा कॅमेऱ्याकडे. डोळे असे की सूर्यानेही परवानगी घ्यावी.

"ए हॅटवाल्या! त्या कापडात तोंड काय लपवतोस? बघ इकडे! मोज! मला धरून मोज! मी इथनं उठणार नाही. मानाजी, बाजूला हो, त्याला नीट दिसू दे मी!"

मानाजीराव बाजूला झाले. वर्गात त्यांनी मुलांना बसवलं असेल, पण मावशींपुढे तेही विद्यार्थीच होते.

आणि मग मावशींनी छत्री वर उगारली. तशीच धरून ठेवली, निश्चल, एखाद्या देवीने शस्त्र धरावं तशी. झाप नाहीत, सायकली नाहीत, मध्ये कोणी नाही. रिकामा उजळ रस्ता आणि त्याच्या कडेला मावशी.

गल्लीच्या टोकाला कापडाची कड किंचित उचलली गेली. छत्री वर. ठरल्याप्रमाणे.

फुगा दाबल्याचा आवाज मला ऐकू आला नाही, पण कापड उडालं, हॅट पडली आणि वेष्टीऐवजी पॅंटमधला चंद्रमौळी दोन्ही हात वर करून नाचत पुढे आला.

"मिळाला! अम्मा, मिळाला!"

मावशींची छत्री हळूहळू खाली आली.

"चंद्रा? कण्णा, तू कार्पोरेशनात?"

"फोटो, अम्मा. तुझा फोटो काढला."

पहिल्यांदा हसला तो मुनुस्वामी. हसत हसतच त्याने पंदल परत उलगडला, आणि उलगडला आहे तर म्हणून पूर्वीपेक्षा वीतभर पुढे बांधला. मानाजीरावांनी माझ्या हातातली कॉफी परत घेतली. सगळी गल्ली हसत होती, आत नेलेले आजोबा "मला बाहेर आणा, काय चाललंय?" म्हणून ओरडत होते.

चंद्रमौळी मात्र आता भीतीने पांढरा. आईच्या पायाशी बसला. "रागावलीस? अम्मा, आयुष्याचं काही होत नाही, खरंच सांगतो."

मावशींनी त्या तीन पायांच्या यंत्राला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आधी त्याने मला बघितलं की मी त्याला?"

"तू त्याला."

"मग माझं कशाला कमी होईल?" मावशी म्हणाल्या. "त्याचंच झालं असेल."

प्रवासाच्या आदल्या दिवशी फोटो तयार होऊन आला. चंद्रमौळी तो घेऊन आला तेव्हा मी तिथेच होतो, सांबार तिसऱ्यांदा घेत. फोटो, खरं सांगतो, असा मी नंतर आयुष्यात पाहिला नाही. सकाळचं तिरपं ऊन, लखलखीत मोकळी गल्ली, लांबवर देवळाचं गोपूर, आणि ओट्यावर मावशी. उगारलेली छत्री, कपाळावरची आठी न् आठी, आणि डोळ्यांत ते बळ, ज्याच्या जोरावर या विधवा बाईने एकटीने घर राखलं आणि मुलाला शिकवलं. "भिलाईला देवघरात ठेवीन," चंद्रमौळी म्हणाला, "रोज ऑफिसला जाताना आधी हिच्या पाया पडेन." मी सांबार बाजूला ठेवलं. शेजारून फोटो बघायला आलेल्या मानाजीरावांनी चष्मा काढून पुसला.

मावशी फोटो हातात धरून पुष्कळ वेळ बघत राहिल्या. कधी जवळ, कधी लांब. त्यांचेही डोळे भरून आल्यासारखे वाटले.

मग त्यांनी पदराने फोटोवरचा बोटाचा ठसा पुसला आणि चंद्रमौळीला हळूच म्हणाल्या, "कण्णा, जाण्याआधी ह्याची अजून एक मोठी प्रत काढून देशील? दारावर लावते. दुपारी ते कार्पोरेशनवाले आले तर मला झोपेतनं उठायला नको."