काचेआडचा सवाल

साहेब, पिराजीचा आवाज तुम्ही मारलात. माणूस छातीच्या रोगानं गेला, तसा दवाखान्याचा कागद आहे. ते मी तुमच्या माथी मारत नाही. आवाज मात्र तुमच्या कचेरीतल्या काचेच्या खोलीत, तुमच्या डोळ्यांदेखत गेला.

तुम्हाला तो आठवतही नसेल. म्हणून सांगतो.

मी नागनाथ. बंगळुरातल्या शिवाजीनगरात माझं माइक सेटचं दुकान आहे. लग्न, मुंज, गणपती, काही असो, कर्णे बांधायचे आणि तबकड्या वाजवायच्या हा धंदा. शाळा चौथीत सुटली, तबकड्यांवरची नावं वाचत वाचत बाकीचं शिकलो. समोरच्या बोळात पिराजीची कल्हईची भट्टी. तो चिक्कोडीकडचा. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि डफ हातात आला की दोन्ही एकाच ओळीत. गावाकडं कलगी-तुऱ्याच्या फडात वाढलेला. तिथं दोन पक्ष समोरासमोर बसतात. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथं गाण्यातूनच जवाब द्यायचा आणि जवाबाच्या शेपटाला आपला सवाल बांधायचा. ज्याला जवाब सुचला नाही त्यानं डफ खाली ठेवायचा. लिहून आणलेलं कवन म्हणजे शिळी भाकरी, असं पिराजी म्हणायचा.

इथं बंगळुरात त्याच्यामागं सूर धरायला कोण होतं? ना झिलकरी, ना ढोलकीवाला. एकदा बेळ्ळंदूरच्या जत्रेत माझा सेट लागला होता. ढोलकीनं सुरू होणाऱ्या एका लावणीच्या तबकडीच्या माझ्याकडं दोन प्रती होत्या. पिराजी म्हणाला, "अण्णा, ती बाई गायला लागायच्या आधी जे वाजतंय ना, तेवढंच वाजवत राहा की."

"तेवढंच कसं? तबकडी पुढं जाते."

"मग दुसरी लाव. तोवर पहिली मागं घे."

मी दोन प्लेअर शेजारी शेजारी मांडले. एकीवरची ढोलकी संपत आली की तिचा आवाज उतरवायचा, दुसरीचा चढवायचा, पहिलीची पिन उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवायची. अर्धा तास मी त्या बाईला तोंड उघडू दिलं नाही. त्या ढोलकीवर पिराजी गायला. तळ्यावर गायला, पुजाऱ्याच्या पोटावर गायला, माझ्या टकलावर गायला. लोक देवाकडं पाठ करून उभे राहिले. पुढं सहा वर्षं आम्ही हेच केलं. आम्हाला फड नव्हता, मालक नव्हता, कंपनी नव्हती. दोन्ही तबकड्या झिजून पांढऱ्या पडल्या.

एकसष्ट साली त्याला खोकला लागला. कल्हई करताना भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो. तो त्यानं वीस वर्षं छातीत घेतला होता. डॉक्टर म्हणाले, आवाज वर्षभर पुरला तर नशीब. आणि तो आवाज कुठंच ठेवलेला नव्हता. माझ्याकडची यंत्रं सगळी वाजवायची, धरून ठेवायचं एकही नाही. त्याच आठवड्यात पेपरात तुमची जाहिरात आली. लोककलावंतांची चाचणी, गाणं टेपवर घेतलं जाईल, निवडलेल्यांचं जतन होईल. 'जतन' हा शब्द मी पिराजीच्या बायकोला, शालनला, तीनदा वाचून दाखवला.

तुमच्या अर्जात लिहिलं होतं, कवनाचा मजकूर तीन प्रतींत, पंधरा दिवस आधी.

"जे अजून सुचलंच नाही ते आधी कुठून लिहू?" पिराजी म्हणाला.

"स्वल्प ऐक माझं. जुनं काहीतरी सांग, मी उतरवतो."

"शिळं घालायचं होय सायबाला?"

"शिळं तर शिळं. आणि काही विचारलं तर नीट जवाब दे. गप्प राहू नको."

"जवाब तर देणारच," तो म्हणाला. "न देऊन कसं चालेल?"

गप्प राहू नको म्हणालो ती माझी चूक, साहेब. माझी मी कबूल करतो. तुमची तुम्ही बघा.

चाचणीला मी दोन्ही प्लेअर टांग्यात घालून आणले होते. तुमचे कारकून हयवदनराव दारातच म्हणाले, "तबकडी लावून गाणारा कसला लोककलावंत?" म्हणून प्लेअर व्हरांड्यात राहिले. मला साथीदार म्हणून आत बसू दिलं. समोर काच, काचेवर उजेड, त्यामागं तुम्ही तिघं सावलीसारखे. भिंतीवरच्या डब्यातून आवाज आला, "टेप सुरू आहे. तुमचे गुरू कोण? घराणं कोणतं?"

तुम्ही फॉर्मातला रकाना भरत होता. पण पिराजीच्या हातात डफ होता. डफ हातात असताना समोरच्या पक्षानं विचारलं तर साध्या बोलण्यात उत्तर देणं म्हणजे हरणं, हे त्याला सातव्या वर्षापासून शिकवलेलं. मी त्याची बाही ओढली. त्यानं डफावर थाप टाकली.

गुरू पुसता काचेआडून, तोंड दावा की आधी राया,
भाता माझा गुरू, निखारा शिकवी मजला गाया,
धुराचं घराणं माझं, पितळेला चांदणं चढवाया,
तुम्ही कुणाचे चेले, सांगा, बसलात मला तोलाया?

असा आवाज मी सहा वर्षांत ऐकला नव्हता. खोकला कुठं गेला होता देव जाणे. गाऊन झाल्यावर तो डफ छातीशी धरून काचेकडं बघत उभा राहिला. तुमच्या जवाबाची वाट बघत होता. काचेमागं कुणीतरी मनगटावरचं घड्याळ बघितलं. लाल दिवा विझला. शिपाई आला आणि म्हणाला, "चला, बाहेर या."

"लिहून दिलेलं गाणं राहिलं की," मी म्हणालो.

"बाहेर या."

टांग्यात पिराजी खुशीत. "अण्णा, तिघंजण होते तरी जवाब आला नाही. जिंकलो." बोळात शिरल्या शिरल्या त्यानं शालनला तेच सांगितलं. तिनं गूळ वाटला. मी प्लेअर पुसत बसलो.

दीड महिन्यानं तुमचं पत्र आलं. मी खोटं वाचणार होतो. पण तो माझ्या तोंडाकडं बघत होता, म्हणून खरं वाचलं. 'मजकुराचं पालन नाही. भाषा अशुद्ध. वर्तन उद्धट. अयोग्य.'

पिराजीनं भात्याची साखळी हातातून सोडली. मग म्हणाला, "हा जवाब नव्हे. यात यमक कुठाय?"

मी हसलो. तो हसला नाही. "आणि माझा सवाल त्यांनी तसाच सोडला," तो म्हणाला.

त्यानंतर त्यानं डफ खुंटीवरून काढला नाही. दिवाळीपर्यंत आवाज बसला, गिऱ्हाइकाशी तो हातवाऱ्यांनी बोलू लागला. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात गेला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शालन दुकानात आली. माझं तबकड्यांचं कपाट उघडं होतं. ती एकेका कागदी पाकिटावरून बोट फिरवत गेली. "अण्णा, ह्यातली किती माणसं मेलेली?"

"असतील बरीच."

"त्यांची गाणी आहेत. ह्यांचं एक नाही?"

मी काउंटरवरची पिनांची डबी उगाच उघडली आणि मिटली.

म्हणून तुमच्या कचेरीत आलो. तीन वेळा. तिसऱ्यांदा हयवदनरावांनी खुर्ची दिली. "टेप महाग असते हो. नापासांच्या टेपवर पुढच्यांचं घेतात."

"म्हणजे पुसली?"

"असेल. नसेलही. जुन्या टेपा एका कपाटात आहेत, किल्ली साहेबांकडं."

"मग साहेबांना विचारा."

"लेखी द्या," ते म्हणाले.

हे लेखी. तीन प्रतींत, तुमच्या नियमाप्रमाणं.

बासष्ट सालच्या जानेवारीत एका कल्हईवाल्यानं तुम्हाला सवाल टाकला. त्याचा डफ आता माझ्या दुकानात खुंटीला आहे, म्हणून त्याच्या बाजूनं मी बसलोय. यमक नको, शुद्ध भाषाही नको. पुसली असेल तर 'पुसली' एवढं लिहून खाली सही करा, मी ते शालनला वाचून दाखवीन. कपाटात असेल तर मी प्लेअर व्हरांड्यात ठेवून येतो, तिला घेऊन येतो, एकदा लावा. चार ओळींचीच आहे.

किल्ली तुमच्याकडं आहे. टेप आहे की नाही?