पिंपळाच्या पानातला रोग

जिते स्टेशनच्या बाजूला मांडव पडला होता आणि मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पेणकडून आलेले, रोह्याकडून आलेले, मिठागरावरचं काम टाकून आलेले, सगळे मांडी घालून बसले होते. प्रत्येकाच्या हातात पिंपळाचं एक हिरवं पान. समोर पर्णनाथ महाराज, आणि त्यांच्यापुढे तांब्याच्या मोठ्या घंगाळात दूध घातलेलं तीर्थ. आजारी माणसानं पान छातीला लावायचं, आजाराचं नाव घ्यायचं आणि पान तीर्थात सोडायचं. महाराज डोळे मिटून हात बुडवत, आणि बाहेर येई ती नुसती शिरांची जाळी. तिच्यातून पलीकडचा माणूस दिसे.

“रोगाचा रंग हिरवा,” महाराज माइकवरून सांगत होते. “तो आम्ही उतरवला. तुमच्या शिरा मोकळ्या झाल्या. आता मोकळ्या शिरांत गोळ्यांचा कचरा टाकायचा नाही.”

हे शास्त्र कुठल्या कॉलेजात शिकवतात, असं विचारायची मांडवात कुणाला फुरसत नव्हती.

वैशालीच्या कपाळाला मात्र आठी पडली होती. ती पेणच्या रामवाडीत राहायची आणि घरबसल्या शुभेच्छापत्रं बनवायची. रंगीत लोकर साबणाच्या पाण्यात चोळून चोळून तिचा जाड नमदा करायचा, त्याचं कार्ड कापायचं आणि वर पिंपळपानाची जाळी बसवायची. असल्या जाळ्या तिच्या घरी डबे भरून होत्या, आणि त्यातली एकही मंत्रानं झालेली नव्हती.

पण तिला घोर होता तो भाचीचा. धाकटी बहीण रोहिणी तिला महाराजांची महती दाखवायला घेऊन आली होती. रोहिणीच्या समीक्षाला फिट यायच्या. डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या. मग महाराजांनी तिच्या पानाची जाळी करून दिली आणि रोहिणीनं गोळ्या बंद केल्या. गेल्या आठवड्यात पोर शाळेच्या नळाशी कोसळली, हनुवटीला टाके पडले. त्यावर महाराज म्हणाले, जाणारा रोग दार आपटून जातो. आणि रोहिणीला ते पटलं होतं.

आज पुन्हा पान वाहिलं. समीक्षानं ते स्वतः झाडावरून तोडलं होतं. जाळी हातात मिळाल्यावर ती उलटसुलट करून बघत राहिली.

“मावशी, हे माझं पान नाय. माझ्या पानाला किड्यानं भोक पाडलेलं.”

वैशालीनं शेजारच्या स्वयंसेवकाला तेच मोठ्यानं विचारलं. आजूबाजूच्या माना वळल्या. तिला वाटलं, आता तरी उजेड पडेल. स्वयंसेवकानं जाळी कपाळाला लावली आणि म्हणाला, “बघा, महाराजांनी भोकपण बुजवलं.” माना पुन्हा पुढे वळल्या, रोहिणीनं हात जोडले. वैशालीला स्वतःचेच केस उपटावेसे वाटले.

फोनवर दोघींचं कडाक्याचं भांडण झालं आणि त्यातून काहीच निघालं नाही. तेव्हा मेहुण्याच्या सुट्टीच्या दिवशी ती जुनं पातेलं, धुण्याचा सोडा, रबरी हातमोजे आणि घरच्या काही जाळ्या घेऊन रोह्याला रोहिणीच्या घरी धडकली. मेहुणा मिथुन केमिकल कंपनीत कामाला होता, आदल्या रात्रीची शिफ्ट करून, झोपून नुकताच उठला होता. शेजारच्या कृष्णाबाई गुडघे धरत येऊन बसल्या. वैशालीनं पसरट भांड्यात दूधपाणी तयार ठेवलं होतं. समीक्षाला त्यात हिरवं पान सोडायला लावलं, डोळे मिटले, भाज्यांची नावं पुटपुटली आणि जाळी बाहेर काढली.

तिची अपेक्षा होती की सगळे हसतील. कृष्णाबाई पाया पडायला वाकल्या.

“तुझ्याबी हाताला गुण हाय गो बाय. माझ्या गुडघ्याचं येक पान करून दे.”

वैशालीचा संयम तिथे संपला. तिनं भांडं मोरीत उपडं केलं. समीक्षाचं हिरवं पान जसंच्या तसं बाहेर आलं, आणि सोबत आधीच तळाशी घालून ठेवलेल्या आणखी जाळ्या.

“दूध कशाला घालतात? तळ दिसू नये म्हणून. जाळ्या आधीच सोड्यात पानं उकळून करून आणायच्या, आणि तुमची पानं खालीच राहतात.”

“तुझ्या सोड्यानं होत असतील ताई,” रोहिणी म्हणाली. “त्यांच्या मंत्रानं होतात.”

वैशाली डोकं धरून बसली. मिथुन मात्र सोड्याच्या पुडीकडे आणि हातमोज्यांकडे बघत होता. कंपनीत तो याहून जहाल कॉस्टिक सोड्याची पोती हाताळायचा. अंगावर उडालं तर कातडी सोलवटते, म्हणून हातमोज्यांशिवाय तिथे कुणी पोत्याला शिवत नसे. माणसाची कातडी जाते तिथे पानाचं काय, असं तो खालमानेनं म्हणाला. आणि हे सगळं ठाऊक असून पोरीच्या पहिल्या पानाच्या वेळी आपणही मांडवात हात जोडून बसलो, याची त्याला भयंकर चीड आली होती.

रोहिणी तरीही हलली नाही. तिला नावं ठेवणं सोपं आहे. पोरीला रोज गोळी द्यायची म्हणजे पोर आजारी आहे हे रोज कबूल करायचं. महाराजांनी तिची त्यातून सुटका केली होती, आणि ती सुटका तिला सोडवत नव्हती.

शेवटी वैशाली उठली. “कृष्णाबाई, पान मिळेल. पण तुम्हीच करायचं, मी हात लावणार नाही.”

कृष्णाबाईंनी घरामागच्या पिंपळाचं पान आणलं, गुडघ्याचं नाव घेतलं आणि सोड्याच्या पाण्यात सोडलं. पान उकळत राहिलं, तोवर चहा झाला, जेवणं झाली. पान काळपट, मऊ पडलं. म्हातारीनं हातमोजे चढवून ते धुतलं, ताटात पसरलं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं हलक्या हातानं घासलं. हिरवा गर वाहून गेला आणि शिरा उघड्या पडल्या. एका बाजूला जरा फाटलं, पण जाळी झाली. म्हातारी हरखून गेली.

“आता उभ्या राहा बघू,” वैशाली म्हणाली.

कृष्णाबाई जमिनीला हात टेकून उठायला गेल्या आणि कळवळून खाली बसल्या. “दुखतोय की गो.”

“मग पानानं काय केलं?”

म्हातारीनं विचार केला. “पानाची जाळी झाली. गुडघा व्हता तसाच हाय.”

एवढंच तर समजून घ्यायचं असतं. पान शिजवून घासलं की शिरा उरतात, भांडं महाराजांचं असो की आपल्या घरातलं. जाळी सुंदर दिसते, ती कार्डावर लावा. पण पानाचा रंग गेला म्हणून माणसाचा आजार जात नाही, आणि जो गोळ्या बंद करायला सांगतो तो तुमच्या लेकराच्या जिवाशी खेळतो. त्याला भांड्याचा तळ दाखवायला सांगा. विचारल्यानं कुठलाही देव कोपत नाही.

रोहिणीनं समीक्षाला जवळ ओढलं आणि तिच्या हनुवटीवरची पट्टी नीट केली. मग तिनं विचारलं, “ताई, गोळ्या आजच चालू करायच्या, की आधी डॉक्टरांना दाखवायचं?”

“आधी डॉक्टर. आत्ता.”

मिथुननं चपला घातल्या आणि तो रिक्षा आणायला गेला.