शेवटून पहिला

"अरे वरून काय शोधतोस? खालून बघ, खालून!"

रुग्णालयाच्या कँटीनमधल्या फलकापुढे गर्दी होती आणि एक्सप्रेस टाचा उंचावून यादीच्या पहिल्या पानावर आपलं नाव शोधत होता. जेवणाची गाडी ढकलणाऱ्या मावशींनी त्याचा दंड धरला आणि त्याला सरळ शेवटच्या पानापाशी नेऊन उभा केला. दोनशे चौदा कर्मचारी. आठवड्याभरात रोज सरासरी कोण किती पावलं चाललं, त्याची ही यादी. सगळ्यात खाली, दोनशे चौदावा, तो. पावलं एक हजार एकशे सहा. शेजारी कुणीतरी पेन्सिलीने कासव काढलं होतं. बरं काढलं होतं, तेही त्याला मान्य करावं लागलं.

"आणि तुम्ही हो मावशी?"

"मी दोनशे अकरा. पार्टी मागू नकोस."

"मागच्या सोमवारी पण मी खालीच."

"आणि पुढच्या सोमवारी शेवटच्या दहांत राहिलास की वार्षिक शेरा. आळशी म्हणून. पगारवाढ गेली गटारात." मावशींनी कासवावर बोट टेकवलं. "माझीही."

एक्सप्रेस हे त्याचं टोपणनाव. बावीस वर्षं तो इथे चादरींची ट्रॉली ढकलत होता. धुतलेल्या चादरी तळघरातल्या धुलाईखान्यातून वर न्यायच्या, मळलेल्या खाली आणायच्या. दोन इमारती, सात-सात मजले, मधे लांबलचक बोळ. प्रत्येक वळणावर तो तोंडाने भोंगा वाजवायचा, म्हणून एक्सप्रेस. बावीस वर्षांत एकही माणूस त्याच्या ट्रॉलीला धडकला नव्हता. ही गोष्ट मात्र कुठल्या फलकावर कधी लागली नव्हती.

पावलं मोजणारे पट्टे व्यवस्थापनाने सगळ्यांच्या मनगटांवर बांधले, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद यालाच झाला होता. यंत्र म्हटलं की त्याचे डोळे लकाकत. आणि सुधारणा म्हटली की कान टवकारत. मोबाइलवर स्वतःला सुधारण्याचे व्हिडिओ तो एका कानात लावून ऐकायचा, दुसरा कान लिफ्टच्या घंटीसाठी मोकळा. यशस्वी माणसं म्हणे पहाटे पाचला उठतात. हा साडेचारला उठत होता. थंड पाण्याने आंघोळ करतात म्हणे. याच्या घरचा गीझर तीन वर्षं बंद होता. बाहेरची कॉफी सोडा, वीस वर्षांत श्रीमंत व्हाल म्हणे. याने ती कधी धरलीच नव्हती.

"मग माझं अडलंय कुठे?" तो बायकोला विचारायचा.

"तुमचं काही अडलेलं नाही. तुम्ही सुधारलात तर त्या व्हिडिओवाल्याचं अडेल. त्याने खायचं काय?"

फुटबॉल बघताना तर त्याला हमखास तत्त्वज्ञान सुचे. मैदानाच्या मध्यावरचा गडी एका सामन्यात अकरा किलोमीटर पळतो, असं समालोचक भारावून सांगायचा. एक्सप्रेसला वाटायचं, आपणही मध्यावरचेच की. मागून घ्यायचं, पुढे पोचवायचं, परत मागे यायचं. गोल डॉक्टरांनी करायचा. फरक एवढाच, की मध्यंतरात आपल्याला कुणी संत्रं सोलून देत नाही.

अशा माणसाला अकराशे सहा! पगारवाढ जाणार होती, तेही बोचत होतंच. पण रात्रंदिवस सलत होतं ते कासव.

मंगळवारी शेवटच्या दहा जणांना 'चला, हालचाल करू या' नावाच्या व्याख्यानाला बसवलं. बसवलं म्हणजे पंचेचाळीस मिनिटं खुर्चीवर बसवलं. एक्सप्रेस कामाच्या वेळेत इतका सलग आयुष्यात बसला नव्हता. त्याला फार बरं वाटलं. पडद्यावर गलेलठ्ठ माणसाचं चित्र होतं. एकाच जागी बसून राहणारा लवकर मरतो, लिफ्ट सोडा, जिने चढा, असं सांगितलं. ऐकणाऱ्यांत कोण होतं? चादरींच्या ट्रॉलीवाले तिघे, मावशी, चाकाच्या खुर्च्या ढकलणारे चौघे, फरशी घासायचं यंत्र ढकलणारी एक, आणि एक टेलिफोनवाला. दहातले नऊ दिवसभर काहीतरी ढकलणारे. हे सांगणाऱ्याच्या लक्षात आलं? छापणाऱ्याच्या? छे. येणार कसं? ढकलणारा माणूस यांना दिसलाय कधी? यांना ट्रॉली दिसते. ट्रॉली आपली आपण येते, असंच यांना वाटतं.

व्याख्यान देणारी प्रशिक्षक मॅडम मात्र वाईट नव्हती. तरुण, तरतरीत, बोलणं गोड. तिला हे दहा आळशी आहेत असं कागदावर लिहून दिलं होतं, म्हणून तिने तसं धरलं. शिकलेल्या माणसांचा कागदावर भारी विश्वास.

संध्याकाळी लेक आपल्या सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन आली. एक्सप्रेसने नातीला बाबागाडीत घातलं आणि समोरच्या बागेत फेऱ्या सुरू केल्या. पट्ट्यावर डोळा होताच. दहा फेऱ्या झाल्या. पट्टा म्हणे, चौतीस.

तो तरातरा घरी आला. बायको शिवणयंत्रावर कुणाच्या तरी पँटची कंबर ढिली करत होती.

"हे यंत्र बिघडलंय! दहा फेऱ्या मारल्या, चौतीस दाखवतंय."

"चौतीस तर चौतीस. फेऱ्या मारल्यात ना? तिला झोप लागली ना?"

"बाबा, दाखवा बरं कसे चाललात," लेक म्हणाली.

त्याने बाबागाडी धरली आणि खोलीभर चालून दाखवलं. बायकोने सुई थांबवली. बावीस वर्षं तो हेच हात घेऊन घरी येत होता. झोपेतही मुठी वळलेल्या, मधे हँडल असल्यासारख्या.

"अहो, हलतंय काय तुमचं? पाय! पट्टा कुठे बांधलाय? हाताला! हात तर खुंटीवर टांगल्यासारखे. तो बिचारा म्हणतोय, हा माणूस उभाच आहे."

लेक हसत सुटली. मग एक्सप्रेसही हसला, आणि हसता हसता त्याला ते दहा जण आठवले. सगळ्यांचे हात कशावर ना कशावर.

बायकोने तेव्हाच कंबरपट्टीचं इलॅस्टिक कापलं, टिचबटण लावलं आणि पट्टा त्याच्या घोट्यावर बसवला. "चाला आता," म्हणाली.

बुधवारी पाळी संपली तेव्हा पट्ट्यावर आकडा होता चोवीस हजार तीनशे. एक्सप्रेसने मावशींना पँट वर करून दाखवलं. त्या रात्री बायकोने आणखी आठ इलॅस्टिकं शिवली, गुरुवारी आठ घोटे सजले.

शुक्रवारी आस्थापना विभागाच्या साहेबाने त्याला बोलावलं. कोपऱ्यात प्रशिक्षक मॅडम बसली होती. टेबलावर त्याच्या आकड्यांचा कागद.

"एक हजारावरून एकदम चोवीस हजार? घरी बसून पाय हलवत होतास काय?"

"घरी बसतो तेव्हा पाय वर घेऊन बसतो, साहेब."

"आगाऊपणा नको. संचालक साहेब रोज दीड तास व्यायामशाळेत फिरत्या पट्ट्यावर चालतात, त्यांचे चौदा हजार. आणि तुझे चोवीस? तुला तरी पटतं?"

"मला पटतं. माझे पाय आहेत ना."

"यंत्र मनगटाचं आहे. पायाला बांधलं की फसवणूक. तुला आणि त्या बाकीच्यांना तसा शेरा लावावा लागेल."

आळशीचा आता लबाड झाला! बावीस वर्षं 'हो साहेब' म्हणणारी जीभ सुटली ती सुटलीच. "लावा शेरा! पण आधी माझ्याबरोबर एक पाळी चाला. तुम्ही या, नाहीतर संचालक साहेबांना पाठवा. माझ्याबरोबर चालून मग खुशाल लिहा, लबाड म्हणून. मी खाली सही करीन."

साहेब एकदम टेबलावरचे कागद सारखे करायला लागला. कागद आधीच सारखे होते.

"मी येते," मॅडम म्हणाली. "उद्या. कितीला?"

"सहाला. पहाटे. यशस्वी माणसांच्या वेळेला."

शनिवारी ती सहाला पाच कमी असताना तळघरात हजर. पायात झगझगीत बूट. एक पट्टा मनगटावर, एक घोट्यावर. एक्सप्रेसने तिला दुसरी ट्रॉली दिली.

"दोन्ही हात हँडलवर. वळण आलं की भोंगा."

"भोंगा कुठाय?"

"तोंडात."

पहिल्या फेरीला ती लाजली. तिसऱ्या फेरीला शस्त्रक्रिया विभागाच्या वळणावर तिने असा भोंगा दिला की आतून परिचारिका धावत आली. सातवा मजला, तळघर, पाचवा, तळघर. बोळ, दुसरी इमारत, परत बोळ. ओल्या चादरींचा बोजा चढावर छातीवर येतो. त्याला खांदा द्यायचा नाही, पोट आत घ्यायचं, हे एक्सप्रेसने तिला शिकवलं. प्रशिक्षकाला प्रशिक्षण! त्याला इतकी मजा बावीस वर्षांत आली नव्हती. लिफ्टपाशी भेटलेल्या मावशी म्हणाल्या, "बाई गं, जिने चढतेस ना? लिफ्ट सोड, आयुष्य वाढतं!" मॅडम लाल झाली, आणि मग खो खो हसली.

दुपारी दोनला पाळी संपायच्या बेतात तिने बूट काढले. दोन्ही टाचांना फोड. मनगटाचा पट्टा म्हणत होता, एक हजार नऊशे. घोट्याचा, तेवीस हजार सातशे. ती दोन्ही आकड्यांकडे बघत राहिली.

"तुम्ही हे रोज करता?"

"छे, रविवारी सुट्टी असते."

ती उठायला गेली आणि 'आई गं' करून परत बसली. एक्सप्रेसने रिकामी ट्रॉली ओढून पुढ्यात लावली.

"बसा."

"वेडे की काय?"

"बसा हो. रिकामीच न्यायची आहे."

ती बसली. बूट मांडीवर. एक्सप्रेसने ढकललं. बोळाच्या शेवटी काचेची व्यायामशाळा लागते. आत संचालक साहेब फिरत्या पट्ट्यावर घाम गाळत चालले होते. तासभर चालूनही होते तिथेच. काचेबाहेरून मॅडम ट्रॉलीत बसून गेली. संचालकांनी मान वळवली, तोल सांभाळायला दांडा धरला. मॅडमने भोंगा दिला.

तेवढ्यात तिच्या हातावरचं यंत्र थरथरलं. तिने वाचलं आणि हसून तिला ठसका लागला.

"काय म्हणतंय?"

"'फार वेळ बसलात. उठा, थोडं चाला.'"

"बसा मॅडम. आता उतार आहे. बघा कसा वेग घेतो."

सोमवारी यादी लागली. पहिला एक्सप्रेस, मनगटावरचे पहिले दोन दिवस धरूनही सरासरी चौदा हजार सातशे. पाचशेंनी मागे संचालक साहेब. मावशी सहाव्या. खाली मॅडमने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: ढकलणाऱ्यांनी पट्टा पायाला बांधावा. कुणाच्याही नावापुढे शेरा लागला नाही. पुढच्या आठवड्यात ढकलणारे पूर्ण सहा दिवस मोजले गेले, तेव्हा संचालक साहेब दहावे आले. त्याच्या पुढच्या सोमवारी यादीच लागली नाही. तांत्रिक कारणास्तव स्पर्धा स्थगित, पट्टे जमा करावेत. तांत्रिक कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ते फिरत्या पट्ट्यावर चालत होतं.

एक्सप्रेसने पट्टा पुसून जमा केला. इलॅस्टिक तेवढं काढून घेतलं. बायकोने ते नातीच्या टोपीला लावलं.

मंगळवारी लिफ्टपाशी मावशींची गाडी त्याच्या ट्रॉलीला समोरासमोर आली.

"काय एक्सप्रेस, आज किती झाले?"

त्याने सवयीने पँट वर केली. घोट्यावर इलॅस्टिकचा वळ अजून होता, फिकट, गोल.

"चौथा मजला झाला," तो म्हणाला. "पाचवा राहिलाय." आणि वळणावर भोंगा दिला.