निळ्या शाईची सवत

मी एक जुनी, घडीची मांडणी आहे, मित्रांनो. तीन फळ्या, दोन चौकटी आणि सहा बिजागऱ्या. मिटले की दाराआड मावते, उघडले की साठ कप अंगावर घेते. गोष्ट सांगण्याआधी एक कबूल करायला हवं, मी स्वभावाने जळकी आहे. ते लपवलं, तर माझी गोष्ट दोन ओळींत संपेल.

मला ताईच्या बाबांनी घडवलं. ते सुतार. ताई मातीचे कप आणि वाडगे करते, मागच्या खोलीतल्या भट्टीत भाजते आणि प्रदर्शनांत विकते. तिला पहिला स्टॉल मिळाला तेव्हा बाबा म्हणाले, "जमिनीवर चादर पसरून बसू नकोस. माल डोळ्यांसमोर आला की माणूस हात लावतो, आणि हात लावला की निम्मं काम झालं." आठ दिवस त्यांनी मला रंधलं, घासलं, तेल पाजलं. शेवटी माझ्या वरच्या फळीवर दोन्ही कोपरं टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "ही तुझं ओझं घेईल."

पहिली वर्षं माझ्या कौतुकाची होती. लोक स्टॉलसमोर थांबत आणि म्हणत, "मांडणी सुरेख आहे हो." कप ज्या रीतीने मांडलेत त्याबद्दल ते बोलत असतील, हे मला फार उशिरा उमगलं. तोवर मी चांगलीच शेफारले होते.

कौतुक होई, विक्री मात्र होत नसे. ताई बोलावणं येईल त्या प्रदर्शनाला धावायची. एकदा आमचा स्टॉल खाण्याच्या तंबूमागे आला. लोक तेलकट हातांनी कप उचलायचे आणि परत ठेवायचे. एकदा चाळीस स्टॉलांपैकी अकरा कपांचेच निघाले. एकदा तर ध्वनिक्षेपकाखाली जागा मिळाली आणि ताईला दोन दिवस खाणाखुणांनी किंमत सांगावी लागली.

कधीमधी एखादं चांगलं प्रदर्शन लागे. तिथे हटकून एक मेणबत्तीवाल्या मावशी भेटायच्या. दुपारपर्यंत त्यांचं टेबल निम्मं रिकामं. ताई त्यांच्याशी गोड बोलायची, पण घरी आली की बाबांना म्हणायची, "यांना बरोबर चांगलीच प्रदर्शनं कशी सापडतात? ओळखी असणार." बाबा म्हणायचे, "मग विचार की त्यांना."

एकदा तिने विचारलं. मावशी छोट्याशा वहीत काहीतरी लिहीत होत्या. ताई डोकावली तशी त्यांनी वही मिटली.

"प्रदर्शनाला गुण देतेय," त्या म्हणाल्या. "तूही देत जा. आणि स्टॉल घेण्याआधी एक वर्ष नुसती बघायला जा. आत फिरू नकोस, दारात उभी राहा. बाहेर पडणाऱ्यांच्या हातात पिशव्या आहेत की नुसती पोरं, ते बघ."

"आयोजकाला काय विचारायचं?"

"मागच्या वर्षीचे किती जण परत आलेत, एवढंच. उत्तराआधी त्याने घसा खाकरला की समजून जा."

दुसऱ्याच दिवशी ताईने लांबट वही आणली. मित्रांनो, माझी सवत घरात आली ती अशी.

आता ताई दर रविवारी कुठलं ना कुठलं प्रदर्शन बघायला जाऊ लागली. वही तिच्या पिशवीत बसून फिरायची आणि मी दाराआड ओल्या फडक्यांच्या शेजारी उभी. घरी आली की ताई शाईच्या पेनने लिहायची आणि लिहिताना मोठ्याने बोलायची. "दिवे पिवळे. झिलई मळकट दिसेल." "आयोजक स्वतः फिरतो. चांगला." "गर्दी खूप, पण सगळी गाणी ऐकायला आलेली." त्या नोंदींवरून ती प्रदर्शनं निवडायची, आणि खरं सांगते, आमचे दिवस पालटले. पण यश कुणाचं, तर वहीचं. साठ कप उरावर घेऊन दिवसभर कोण उभं राहतं, हे कुणी लिहीत नव्हतं.

एके दिवशी लिहिता लिहिता ताई पुटपुटली, "मांडणी..." मग कढईतलं काहीतरी करपलं म्हणून आत धावली आणि जाता जाता म्हणाली, "...बदलायची." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या प्रदर्शनात सकाळपासूनच माझ्या डाव्या बिजागरीचा स्क्रू सैल होत होता. एरवी मी करकरते. मी करकरले की ताई हात लावून बघते. त्या दिवशी माझ्या वरच्या फळीवर फुलं घातलेली बरणी होती, आणि बरणीखाली उघडी वही.

मी करकरले नाही.

फळी कलली. बरणी आडवी झाली, पाणी वहीवर सांडलं आणि चार वर्षांची निळी शाई वाहून गेली. बरणीमागोमाग सहा कपही गेले. इतक्या वर्षांत माझ्या अंगावरून एकही कप पडला नव्हता. ताईने आधी कपांकडे पाहिलंच नाही. तिने वही छातीशी धरली आणि तिचा कुडता निळा झाला.

घरी तिने पानं सोडवून वाळायला ठेवली. कुठे, तर माझ्याच फळ्यांवर. कडेची काही अक्षरं शाबूत होती. बाबांनी चष्मा लावून एक पान वाचलं, "मांडणीची डावी बिजागरी पडायच्या आत बदलायची." ते म्हणाले, "लिहिलं होतंस तर सांगितलं का नाहीस?"

"राहून गेलं," ताई म्हणाली.

मला त्या वेळी भट्टीत घातलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं.

नुकसान तिथेच थांबलं नाही. पुढच्या हंगामाची नावं देण्याची मुदत जवळ आली होती. एकाच तारखांना दोन प्रदर्शनं होती आणि त्यातल्या एकाबद्दल वहीत 'कधीही नको' लिहिलेलं ताईला आठवत होतं. कोणत्या, ते आठवेना. तिने गुळगुळीत कागदावरची जाहिरात पाहिली आणि नेमकं चुकीचं निवडलं. त्या सभागृहाला पुढे एक दार होतं आणि मध्येच दुसरं. लोक आमच्यापर्यंत पोचण्याआधीच बाहेर पडत. तीन दिवस ताई आणि मी दोघीच होतो, मध्ये वही नाही. मला हेच तर हवं होतं. पण त्या तीन दिवसांत तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी बाबांना फोनवर म्हणाली, "एखादी नोकरी बघते आता. भट्टी विकून टाकू."

बाबा म्हणाले, "विक. पण आधी मेणबत्तीवालीला विचार."

तिने तिथूनच फोन लावला. मी शेजारीच उभी होते.

"त्या सभागृहात कशाला गेलीस गं?" मावशी म्हणाल्या. "दोन दारं आहेत त्याला."

"विचारायचं होतं. वाटलं, तुम्ही सांगणार नाही." ताई म्हणाली. "खरं सांगू? तुमचा हेवा वाटायचा मला."

"त्या दिवशी मी वही मिटली ना," मावशी म्हणाल्या, "त्या पानावर लिहिलं होतं, 'कपवाली शेजारी नको.' गर्दी आधी तुझ्याकडे जायची. मी दोनदा जागा बदलून मागितलीय तुझ्यामुळे."

ताई हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

रविवारी मावशी स्वतःची वही घेऊन घरी आल्या आणि चहा निवेपर्यंत सांगत बसल्या. ताईने नव्या वहीत सगळं उतरवून घेतलं, माझ्या वरच्या फळीवर ठेवून. बाबांचे हात आता थरथरतात. त्यांनी नुसतं सांगितलं आणि नवी बिजागरी ताईनेच बसवली. भट्टी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात वर्षानुवर्षं ओझं वाहणारं काही असेल, तर अधूनमधून त्याचे स्क्रू आवळा. त्याच्याबद्दल काही चांगलं मनात आलं, तर ते कागदावरच ठेवू नका, त्याला ऐकू जाईल असं बोला. आणि कुणाचा हेवा वाटलाच, तर एकदा त्याच्या दारात जाऊन विचारून या; बहुधा तोही तुमच्यावर जळत बसलेला सापडेल.

माझ्यापुरतं म्हणाल, तर नवी वही मला मुळीच आवडत नाही. पण ती वर असताना मी हलत नाही.