मोरेश्वर आडनावाचे तिघे

अमेरिकेत मोरेश्वर आडनावाची तीन माणसे नावाजली: भूकंपशास्त्रज्ञ उत्तरा, पुलांचे अभियंता सुशांत आणि तान्ह्या मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करणारे कुश. तिघेही वर्धा जिल्ह्यातले. तिघांच्या वडिलांचे नावही मोरेश्वर.

सुशांत आता हयात नाही. त्याची मुलगी आन्या आणि कुश यांचा मुलगा ईशान यांचे लग्न ठरत होते. तेव्हा विनीता, म्हणजे सुशांतची बायको, लेकीला घेऊन बॉथेलला माझ्याकडे आली. मी आनुवंशिकीची संशोधक आणि तिची जुनी मैत्रीण.

"हिमानी, सुशांत वडिलांविषयी कधी बोललाच नाही. ही दोघं चुलत भावंडं निघाली तर मी लग्न कॅन्सल करणार."

"आई, इट्स जस्ट अ नेम! मावशी, सांग ना हिला."

"मी सांगत नाही, मोजते," मी म्हणाले.

दोघांची लाळ तपासली. सख्ख्या चुलत भावंडांत जनुकद्रव्याचा साधारण आठवा हिस्सा समान असतो. येथे दखल घ्यावी असा एकही तुकडा समान नव्हता.

विनीता अधिकच बिथरली. "मग दोघांचे वडील मोरेश्वर कसे? कोणीतरी खोटं बोललंय. खोटेपणात मी मुलगी देणार नाही."

मी हर्नडनला राहणाऱ्या कुश यांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"वहिनी, सुशांतने सांगितलं असेल असंच मी धरून चाललो," ते म्हणाले. "मोरेश्वरकाका आमच्या अनाथालयाचे अधीक्षक. प्रत्येक पोराच्या बापाच्या जागी स्वतःचं नाव लावायचे. शाळेत पोरं चिडवायची, बाप एक, लेकरं चाळीस. काका म्हणायचे, एक्केचाळीस, काल अजून एक आलंय."

"आणि आडनाव?" मी विचारले.

"ज्या गावी सापडलो, ते. सुशांत आर्वीकर, मी पुलगावकर. मार्कशीटवर आडनाव आधी, वडिलांचं नाव शेवटी. इथे शेवटचं तेच लास्ट नेम झालं. उत्तराताईंचंही तसंच."

"दुरुस्त का नाही केलंत?"

"अहो, चूक कुठे होती?"

विनीताने पदराने डोळे पुसले. "पत्रिकेत दोन्हीकडे मोरेश्वरच छापा," ती म्हणाली.

निष्कर्ष असा: सुशांत आणि कुश यांच्यात रक्ताचे नाते नाही. नावाच्या उलट क्रमामुळे एका अधीक्षकाचे नाव तिघांचे आडनाव झाले, आणि तिघांनीही ते जाणूनबुजून तसेच ठेवले.